हिजामा आणि ब्लड प्रेशर: सोलापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

बीपीच्या पेशंटकडून हिजामाबद्दल जे प्रश्न दवाखान्यात आणि व्हॉट्सॲपवर येतात, ते इतके सारखे असतात की एकदाच नीट लिहून ठेवलेले बरे. बेगम पेठ, विजापूर वेस, नई जिंदगीकडचे लोक ‘हिजामा’ म्हणतात, पूर्व भागातली तरुण मुलं ‘कपिंग’ म्हणतात, आणि अक्कलकोट-मंगळवेढ्याकडची वयस्कर मंडळी अजून ‘तुंबडी’च म्हणतात. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत, नावं काढलीत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथे फक्त क्रमांक दिलाय.

मी ॲलोपॅथीचा डॉक्टर आहे, स्वतः हिजामा करत नाही. माझा कल कुठे असेल हे वाचताना ध्यानात असू द्या.

१. हिजामात नेमकं करतात काय?

पाठीवर किंवा मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मधल्या जागेवर कप लावतात. पूर्वी कपात जाळ फिरवून हवा ओढायचे, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा कप आणि हाताचा पंप असतो. तीन ते पाच मिनिटांत कातडी वर ओढली जाते आणि लाल होते. मग कप काढून तिथे ब्लेडने अगदी वरवरच्या बारीक चिरा देतात आणि कप परत लावतात. या वेळी कपात रक्त जमतं. हे एक-दोनदा करून जागा पुसतात आणि पट्टी लावतात. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास लागतो. चिरा नीट दिल्या तर त्या खरचटल्याइतक्याच असतात, टाके लागत नाहीत. कपाचे गोल काळेनिळे डाग आठवडा-दोन आठवडे राहतात.

२. हिजामा, तुंबडी, जळू, ड्राय कपिंग हे सगळं एकच ना?

नाही. ड्राय कपिंगमध्ये चिरा देत नाहीत, रक्त येत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर जे गोल डाग टीव्हीवर दिसले, ते कपिंगचेच होते. आपल्याकडे काही फिजिओथेरपिस्ट दुखण्यासाठी तेवढंच करतात. चिरा देऊन रक्त काढलं की तो हिजामा. युनानीत तो ‘इलाज-बित-तदबीर’ या शाखेत शिकवतात. आयुर्वेदात हेच रक्तमोक्षणात येतं. सुश्रुतसंहितेत वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी तुंबडी अशी वाटणीच दिलेली आहे. जळवेचं प्रकरण वेगळं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं आणि ती सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहते. या पानावर फक्त चिरा देऊन केलेल्या कपिंगबद्दल बोलतोय.

३. हिजामाने बीपी खरंच उतरतं का? हो की नाही, एका शब्दात सांगा.

एका शब्दात जमणार नाही. ‘थोडं, थोड्या दिवसांसाठी, काही जणांचं’ असं म्हणता येईल, आणि तेही पूर्ण खात्रीने नाही.

२०१० साली तोवरचे अभ्यास एकत्र करून एक आढावा छापून आला. बीपीवर कपिंग चालतं असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१५ मध्ये सौदी अरेबियातला जरा नीट आखलेला अभ्यास आला. बीपीचे ८० पेशंट, त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. दोन्ही गटांच्या नेहमीच्या गोळ्या चालू होत्या, एका गटाला एक दिवसाआड असा तीनदा हिजामा. चार आठवड्यांनी हिजामावाल्यांचं वरचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ८.४ ने कमी होतं. आठव्या आठवड्याला तो फरक उरला नव्हता. गंभीर त्रास कोणालाही झाला नाही.

८ हा आकडा लहान नाही. बीपीची एक साधी गोळी नेहमीच्या डोसात साधारण तेवढंच उतरवते. पण गोळीमागे हजारो-लाखो पेशंटचे अभ्यास आहेत, आणि बीपी उतरल्यावर लकवा आणि हार्ट अटॅकही कमी होतात हे त्यांतून दिसलंय. हिजामाने लकवा टळतो असं दाखवणारा अभ्यास नाही. शिवाय गोळीच्या अभ्यासात साखरेची खोटी गोळी देऊन पेशंटला अंधारात ठेवता येतं; पाठीवर चिरा दिल्यात की नाही हे पेशंटपासून कसं लपवणार? उपचार झालाय या समाधानानेही बीपी थोडं खाली येतं, आणि ते वेगळं काढता येत नाही.

४. रक्त कमी केलं की प्रेशर आपोआप कमी होणारच की! साधं गणित आहे.

साधं वाटतं, पण बसत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. हिजामात निघतं ते काही दशक मिलिलिटर, फार तर शंभराच्या आसपास. म्हणजे दोन टक्क्यांच्या आतच. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं म्हणून भरून ठेवलेल्या टाकीतून एक तांब्या काढला, तर टाकीचा जोर किती कमी होईल? शिवाय एवढा पातळ भाग शरीर एक-दोन दिवसांत भरून काढतं. तेव्हा फरक पडत असेल तर तो रक्ताच्या मापाने नाही. शिरा सैल होणं, मज्जातंतूंवरचा ताण उतरणं, शांत पडून राहणं अशी कारणं सुचवली जातात. त्यातलं कुठलंही पक्कं सिद्ध नाही.

५. हिजामाच्या आधी १६४ होतं, उठल्या उठल्या १३२ आलं. मशीन खोटं बोलतं का?

मशीन खरं बोलतंय. पण जिना चढून, थोड्या धास्तीत आलेल्या माणसाचं बीपी लगेच मोजलं की ते चढलेलंच दिसतं. नंतर अर्धा तास शांत पालथं पडल्यावर मोजलं की उतरतं. नुसतं झोपवून ठेवून, काहीही न करता मोजून बघा, बऱ्याच जणांचं १०-१५ ने खाली येईल. त्यात काहींना रक्त बघून किंवा चिरांमुळे गरगरतं, तेव्हा बीपी तात्पुरतं धपकन पडतं. ते चांगलं लक्षण समजू नका.

दुसरी गोष्ट. ज्या दिवशी आकडा सगळ्यात वर गेलेला असतो त्याच दिवशी माणूस नवीन उपाय शोधायला निघतो. त्यानंतरचा आकडा काहीही केलं नाही तरी बहुधा खालीच येतो. हिजामा असो, लसूण असो, नाहीतर माझीच नवी गोळी असो, पहिल्या आठवड्याचं श्रेय देताना हात आखडता घ्यावा. खरा फरक कसा मोजायचा ते प्रश्न ७ मध्ये.

६. हिजामा केला आणि गोळी बंद केली. दहा दिवस झाले, बीपी नॉर्मलच आहे. आता गोळी कशाला?

या पानावरचं सगळ्यात कामाचं उत्तर हेच, म्हणून सावकाश वाचा.

बीपीसाठी नेहमी दिली जाणारी एक गोळी म्हणजे अम्लोडिपिन. ती फार हळू उतरते. अंगातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणजे आज शेवटची गोळी घेतली तरी चार-पाच दिवस, काहींना आठवडाभरही तिचा असर राहतो. त्यानंतर बीपी एकदम उसळत नाही, रोज थोडं थोडं वर सरकतं. याच दिवसांत पाठीवर हिजामाचे ताजे डाग असतात, म्हणून श्रेय हिजामाला जातं. तीन-चार आठवड्यांनी बीपी मूळ जागी पोचलेलं असतं. पण तोवर ‘मी बरा झालो’ म्हणून मोजणंही थांबलेलं असतं. बीपीला डोकेदुखी किंवा चक्कर असलीच पाहिजे असं नाही. १८० वर असूनही माणूस मागावर पूर्ण पाळी करून घरी जातो.

काही गोळ्यांचं उलट असतं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन अचानक सोडल्या तर बीपी आणि नाडी पहिल्यापेक्षा वर उडी मारू शकते, हृदयाच्या पेशंटला छातीत दुखू शकतं. या गोळ्या कमी करायच्या तर टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांना विचारून.

माझ्या अनुभवात हिजामाच्या ब्लेडने झालेलं नुकसान किरकोळ. हिजामानंतर सुटलेल्या गोळीने झालेलं मात्र मोठं.

७. मग माझ्यावर हिजामा लागू पडला की नाही हे कळणार कसं?

घरी मोजून. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्यावर आकडा खोटा चढतो. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी काही नको; लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बसा, हात छातीच्या उंचीवर टेकवा, बोलू नका. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, रात्री दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून. असं सात दिवस करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असावी. दवाखान्यात तीच हद्द १४०/९० धरतात.

हिजामाच्या आधी असा एक आठवडा, मग दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्यात पुन्हा. या दोन महिन्यांत गोळ्या, मीठ, तंबाखू काही बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. वही घेऊन या, मग बसून बोलू. आकडे खरोखर खाली राहिले तर गोळी कमी करायचा विषय मी स्वतः काढेन.

८. हिजामाच्या दिवशी सकाळची बीपीची गोळी घ्यायची का? ते उपाशी पोटी या म्हणतात.

घ्या, घोटभर पाण्यासोबत. बहुतेक ठिकाणी दोन-तीन तास आधी खाऊ नका म्हणतात, त्याला हरकत नाही. पाणी मात्र पीत राहा.

अडचण शुगरच्या पेशंटची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी गेलात तर शुगर पडून तिथेच घाम फुटेल, आणि ‘रक्त निघाल्यामुळे झालं’ असं सगळ्यांना वाटेल. त्या दिवशीचा डोस कसा घ्यायचा ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा. लघवीची गोळी किंवा प्रोस्टेटसाठी प्राझोसिन, टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर उठताना एकदम उभे राहू नका. आधी बसा, मग उठा. आणि बरोबर कोणीतरी न्या. हिजामा करून लगेच मोटारसायकलवर मोहोळ-बार्शीला निघायचं नाही.

९. कपात आलेलं रक्त काळं आणि जेलीसारखं घट्ट होतं. म्हणजे घाण रक्तच निघालं ना?

व्हिडिओत हेच दाखवतात, आणि बघणाऱ्याला पटतंही. पण सावकाश विचार करा. कातडीतल्या बारीक केशवाहिन्या आणि शिरांमधलं रक्त ऑक्सिजन देऊन परत निघालेलं असतं, म्हणून ते आधीच गडद असतं. कपात ते काही मिनिटं साचून राहतं. अंगाबाहेर आलेलं कोणाचंही रक्त पाच-दहा मिनिटांत गोठतं. गोठलं की जेलीसारखं दिसतं. निरोगी पैलवानाला कप लावला तरी तेच दिसेल. उलट ते गोठलं नसतं तर मला काळजी वाटली असती.

कोलेस्टेरॉल किंवा बीपीची कारणं पाठीच्या कातडीखाली साठून बसलेली नसतात. रक्त सगळीकडे तेच फिरतं; कपातलं वेगळं आणि हृदयातलं वेगळं असं नाही. अंगातला टाकाऊ भाग काढायचं काम किडनी आणि लिव्हर करतात, आणि बीपी वाढलेलं राहिलं की बिघडू शकते तीही किडनीच. ‘बघा किती घाण निघाली’ म्हणून कोणी कप दाखवून पुढची चार सेशन गळ्यात मारत असेल तर तिथून उठावं.

१०. कोणी करून घेऊ नये?

रक्त न गोठण्याचा आजार असलेले, हिमोग्लोबिन फार कमी असलेले (प्रश्न १६), गरोदर बाई (प्रश्न १९), डायलिसिसवर असलेले (प्रश्न २०), महिन्या-दोन महिन्यांत हार्ट अटॅक किंवा लकवा झालेले, ताप किंवा अंगावर पिकलेले फोड असलेले. जखमेवर गाठी धरणारी कातडी असेल तर डागांऐवजी कायमच्या गाठी उठतात. सोरायसिसवाल्यांच्या चिरांच्या जागी नवीन चट्टे येऊ शकतात. मानेच्या बाजूला, जिथे मोठी रक्तवाहिनी उडताना हाताला लागते, तिथे कोणीही ब्लेड लावू देऊ नये.

११. ॲस्पिरिन चालू आहे. ते म्हणतात दोन दिवस बंद करून या.

बंद करायचं की नाही हे ज्या डॉक्टरने चालू केलं तोच सांगेल. स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असलेल्या माणसाने ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मनाने थांबवलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ते जिवावरचं असतं. हिजामा ही अशी निकड नाही की त्यासाठी हा धोका पत्करावा. वॉरफरिन, ॲसिनोकुमॅरॉल किंवा नव्या प्रकारची रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर माझं उत्तर सरळ नको असं आहे. दुखण्यासाठीच हवं असेल तर चिरा न देता कपिंग होतं का विचारा; तेही हलकंच, कारण अशा पेशंटला नुसत्या ओढीनेही मोठा काळा डाग उठतो.

१२. कोणाकडे करावं? आमच्या गल्लीत एकाने चार दिवसांचा कोर्स करून दुकान टाकलंय.

चार दिवसांच्या सर्टिफिकेटने कोणी वैद्य होत नाही. युनानीचा बीयूएमएस किंवा आयुर्वेदाचा बीएएमएस डॉक्टर बघा. महाराष्ट्रात या दोन्ही पदव्यांची नोंदणी राज्याच्या १९६१ च्या कायद्याखाली होते, आणि नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो. नसेल तर मागा, त्यात संकोच कसला?

मग हे बघा: कप आणि ब्लेड तुमच्यासमोर पाकिटातून फोडले का? हातमोजे घातले का, मध्येच त्याच हाताने मोबाईल उचलला का? ‘उकळून घेतलाय’ असं सांगून जुना कप काढला तर नको म्हणा. एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. त्यातला हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही कित्येक दिवस टिकतो. वापरलेलं ब्लेड जाड पांढऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत गेला पाहिजे, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार. जो कचरा उकिरड्यावर टाकतो तो ब्लेडही कसं वापरत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

सुरू करायच्या आधी ज्याने बीपी मोजलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते लिहून घेतलं, आणि ‘गोळी बंद करू नका’ असं स्वतःहून सांगितलं, तो माणूस चांगला. असे हकीम सोलापुरात आहेत.

१३. सुन्नत म्हणून करतोय. चांद्र महिन्याच्या १७, १९, २१ तारखेलाच बीपीवर जास्त असर होतो का?

सुन्नत म्हणजे पैगंबरांचा प्रघात. श्रद्धेने त्या तारखा पाळायच्या तर जरूर पाळा, वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही वावगं नाही. बीपी त्याच तारखांना जास्त उतरतं असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. त्या दिवसांत गर्दी होते, आणि गर्दीत ब्लेड-कप बदलायची घाई होते, तेवढं प्रश्न १२ मधलं बघून घ्या. रोजा असताना चालतो का, यावर उलेमांमध्ये, म्हणजे धर्माच्या जाणकारांमध्ये, मतभेद आहेत, ते त्यांनाच विचारा. माझ्या बाजूने एवढंच, की दिवसभर पाणी नसताना रक्त काढलं तर चक्कर यायची शक्यता वाढते, म्हणून इफ्तारनंतर किंवा रमजान झाल्यावर बरं.

१४. मे महिन्यात केला तर?

आपल्याकडचा मे म्हणजे पारा चाळिशीपार. घामाने पाणी आणि मीठ आधीच गेलेलं असतं, बीपी बऱ्याच जणांचं तसंही थोडं उतरलेलं असतं. सकाळी लवकर करा, भरपूर पाणी पिऊन जा, त्या दिवशी उन्हात काम नको. घामाने चिरा चिघळतात, त्या कोरड्या ठेवा. जागा गरम, लाल, ठणकणारी झाली किंवा पू आला तर हळद भरत बसू नका, दाखवा.

१५. मी पाठीसाठी हिजामा केला होता, पण बीपीही उतरलं आणि टिकलं. हे कसं काय?

हे मी स्वतः पाहिलंय, आणि बऱ्याचदा कारण वेगळंच निघतं. यंत्रमागावर उभं राहून किंवा विड्या वळत बसून पाठ-मान धरलेली असते. मग रोज एक डायक्लोफिनॅक, नाहीतर मेडिकलमधून सुट्या मिळालेल्या रंगीबेरंगी गोळ्यांची पुडी. दुखण्याच्या या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या काही औषधांचा असर कमी करतात. पुडीत स्टेरॉइड असेल तर आणखीच. हिजामाने पाठ मोकळी वाटली, पेनकिलर सुटली, आणि बीपी उतरलं. फायदा खराच झाला, वाट तेवढी वेगळी.

म्हणून बीपी आटोक्यात येत नसेल तर कुठली पेनकिलर घेता ते आधी सांगा. आणि मशेरी. ती ‘तंबाखू नाही’ असं सांगणाऱ्या बायका मला रोज भेटतात. ती भाजलेली तंबाखूच असते, आणि प्रत्येक वेळी लावली की निकोटिनमुळे नाडी आणि बीपी थोडा वेळ वर जातं. जेवणात दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. कडक भाकरीबरोबर दोन वेळा शेंगाचटणी, वर लोणचं आणि पापड, एवढ्यात तिचा मोठा भाग संपतो. चटणी सोडा म्हणणार नाही, सोलापुरात राहायचंय मला. घरी कुटताना मीठ निम्मं घाला.

१६. आमच्या मम्मीचं हिमोग्लोबिन ९ आहे, बीपी पण आहे. महिन्याला हिजामा चालेल?

नको. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, म्हणून हा प्रश्न बाकीच्यांनीही वाचावा. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ५० मिलिग्रॅम लोह असतं. जेवणातून अंगी लागतं दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम. ज्यांचा साठा आधीच रिकामा आहे त्यांनी दर महिन्याला पाठीतून लोह काढून देणं म्हणजे बीपी राहिलं बाजूला, धाप आणि थकवा घेऊन येणं. आधी हिमोग्लोबिनचं कारण शोधा आणि ते भरून काढा. मग विचारा.

१७. रक्त काढायचंच तर रक्तदान केलेलं काय वाईट? तेच झालं ना?

खरं तर चांगला विचार आहे. रक्तदानात ३५० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे हिजामाच्या कित्येक पट, आणि ते कोणाच्या तरी उपयोगी पडतं. २०१२ मध्ये जर्मनीतला एक छोटा अभ्यास छापला गेला. वजन, शुगर आणि बीपी असं एकत्र दुखणं असलेल्यांचं रक्त चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा काढल्यावर सहा आठवड्यांनी वरचं बीपी चांगलंच उतरलेलं दिसलं. पण एवढ्या छोट्या अभ्यासावर बीपीचा इलाज म्हणून रक्तदान सांगता येत नाही. बीपी गोळीने आटोक्यात असेल तर रक्तपेढी रक्त घेते. चढलेलं असेल तर परत पाठवते. आणि हिजामा करून घेतला असेल तर तिथे सांगा. कातडी टोचणाऱ्या-चिरणाऱ्या प्रकारांनंतर ते काही महिने थांबायला सांगतात.

१८. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १८.५ आहे, रक्त घट्ट झालंय म्हणाले. आता तर हिजामाच बरोबर?

इथे रक्त काढणं हा खरोखर मान्य इलाज असू शकतो, पण हिजामाने नाही. आधी कारण शोधावं लागतं: विडी-सिगारेट, झोपेत श्वास अडकणं, फुप्फुसाचा आजार, की अस्थिमज्जेचा आजार. शेवटचं निघालं तर रक्तपेढीत मोजून रक्त काढतात आणि तपासण्या करत राहतात. कपाने ना माप धरता येतं ना पुरेसं रक्त निघतं.

१९. गरोदरपणात बीपी वाढलंय, गोळी नको म्हणून हिजामा केला तर?

अजिबात नको. पाच महिन्यांनंतर वाढलेलं बीपी झटके येण्यापर्यंत जाऊ शकतं, आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, चेहरा सुजणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी प्रसूतीची सोय असलेल्या दवाखान्यात. गरोदरपणात चालणाऱ्या बीपीच्या गोळ्या आहेत.

२०. अब्बा डायलिसिसवर आहेत, बीपी हटत नाही. कोणीतरी हिजामा सुचवला.

डायलिसिसच्या वेळी रक्त न गोठण्याचं औषध देतात, हिमोग्लोबिन कमी असतं, जंतुसंसर्ग लवकर होतो. तीन कारणं पुरे. ज्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) आहे त्याला तर कप, ब्लेड, बीपीचा पट्टा काहीच लागू देऊ नका. त्यांचं बीपी बहुधा दोन डायलिसिसच्या मध्ये साठणाऱ्या पाण्याने चढतं. पाणी-मीठ आणि ठरवलेलं वजन यावर किडनीच्या डॉक्टरांशी बोला.

२१. तीन गोळ्या चालू आहेत तरी १६० च्या खाली येत नाही. आता हिजामाशिवाय काय उरलं?

बरंच उरलंय. गोळ्या खरंच रोज जातात का, पेनकिलर चालू आहे का (प्रश्न १५), घरी मोजलं तर किती येतं (प्रश्न ७), हे आधी. मग किडनी, थायरॉइड, पोटॅशियम आणि ॲड्रिनल ग्रंथीच्या तपासण्या. जोरात घोरणारा, दुपारी बसल्या जागी डुलक्या घेणारा माणूस असेल तर झोपेची तपासणी. यातून कारण सापडलं तर इलाज बदलतो. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात जा. बीपीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यांत आणि ‘आपला दवाखान्या’त मोफत मिळतात.

२२. रात्री एकदम २१० झालं. हिजामावाले घरी येतात, बोलवू का?

नाही. २१० बरोबर छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं झालं असेल, हात-पाय लुळा पडला असेल, बोलणं अडखळत असेल तर १०८ लावा आणि थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यातला एक तास कपात घालवू नका. शिवाय मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर बीपी किती आणि किती वेगाने उतरवायचं हे तिथेच ठरवावं लागतं.

यातलं काहीच नसेल, नुसता आकडाच २१० असेल, तर शांत बसून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आजची गोळी राहिली असेल तर ती घ्या, पण घाबरून दोन-तीन एकदम नको, जिभेखाली तर काहीच ठेवू नका. तरीही वरचं १८० किंवा खालचं १२० च्या वरच राहिलं तर सकाळची वाट न बघता फोन करा. फोन लागला नाही तर सिव्हिलची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते.